पोवळ्यातलं निंदण

जमनाबाईंनी तिच्या उजव्या हाताची बोटं एका मुठीत गोळा केली, अंगठा तळव्यात दुमडला आणि हिरवी बांगडी पुढं सारायला घेतली, तेव्हा राजनंदिनीच्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारच्या दुकानात कापड मोजणारा माणूस हात तसाच ताणलेला ठेवून बघायला लागला. हिंगोलीच्या बाजारात, लग्नसराईच्या दिवसांत, कासारणीपुढं बसलेल्या बायका ओरडतातच. पण ते ओरडणं अर्धं लाडाचं असतं, त्याच्या मागोमाग हसू येतं. हिच्यामागून हसू आलं नाही. डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं आणि त्या पांढऱ्यात तिला क्षणभर पाण्यात उतरताना घालायच्या मास्कच्या आतला वास आला, रबराचा, खारट, शिळा. "बांगडी कुठं लागली तुला?" जमनाबाई म्हणाल्या. "सांध्याला टेकवली बी न्हाई आजून. आत काय तरी हाय बघ, पहिल्या बोटाच्या मुळाशी." आणि त्यांनी अंगठ्यानं नेमकं तिथंच दाबलं. बाजूला आई बसली होती, शालूबाई, दोन्ही हात हिरवेगार भरून घेतलेली, पुढच्या आठवड्यात सोमेश्वरच्या लग्नात मिरवायची असलेली वरमाय. लेकीनं मार्चमध्ये कामावरच्या बेटावरून आल्या आल्या तिला सांगितलं होतं की काटा लागला होता, निघाला, विषय संपला. त्यानंतरचे दोन महिने लेक भाकरी डाव्या हातानं मोडत होती, ते आईच्या नजरेतून सुटलं होतं असं मानणं म्हणजे आईला ओळखत नसणं. शालूबाईनं पिशवी उचलली, चपला पायात सरकवल्या, आणि एक हात भरलेला, एक हात रिकामा अशी लेक मागं घेऊन ती बाजारातून थेट दवाखान्याच्या रस्त्याला लागली.

दवाखान्यात बाकावर बसल्यावर नंदानं (राजनंदिनी हे नाव शाळेच्या दाखल्यापुरतंच होतं, घरी ती नंदाच होती) उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडं परक्याच्या हाताकडं बघावं तसं बघितलं. वरून काहीच दिसत नव्हतं. आत मात्र तो होता, त्याचा एवढासा तुकडा होता, आणि इतके दिवस गप्प होता. गप्प राहणं त्याच्या जातीला चांगलं जमतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार. चार वर्षं ती लक्षद्वीपमधल्या एका बेटावर त्याच्याच मागावर होती. त्याचं नाव काट्यांच्या मुकुटावरून पडलेलं आहे, पोवळं राखणाऱ्या तिच्या चमूतले सगळे ते इंग्रजीत घेत. नंदाच्या मनात तो पहिल्या दिवसापासून काटेऱ्या होता. तारामासा म्हणतात, पण मासा कसला, जेवायच्या ताटाएवढं अंग, त्याला पंधरा-वीस हात, हातांवर बोटाएवढाले विषारी काटे, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला उजेड-अंधार कळण्यापुरता एक डोळा. तोंड खाली. पोवळ्यावर चढला की आपलं पोटच तोंडातून बाहेर काढतो आणि पोवळ्यावर अंथरतो. पोवळ्याच्या अंगावर जी जिवंत साय असते ती तिथल्या तिथं विरघळवतो, शोषून घेतो, पोट आत ओढतो आणि निवांत पुढं सरकतो. मागं राहतो पांढराशुभ्र सांगाडा. मोजके असले तर बिघडत नाही, उलट भराभर वाढणाऱ्या पोवळ्याची छाटणी होते, हळू वाढणाऱ्यांना जागा मिळते. बिघडतं ते त्यांची टोळी झाल्यावर. एकेक मादी कोट्यवधी अंडी सोडते. त्यातली बहुतेक वाया जातात, पण एखाद्या वर्षी जात नाहीत. आणि नंदाला सगळ्यात जास्त धाक वाटायचा तो पिल्लांचा. नखाएवढं पिल्लू पोवळं खातच नाही. मेलेल्या पोवळ्याच्या ढिगात, फटीत बसून दगडावरचं गुलाबी शेवाळ खरवडत राहतं. वर खायला पोवळं नसेल तर वर्षानुवर्षं तसंच राहतं, लहानच, वाट बघत. वर पोवळं पुन्हा फुटलं की मग एक दिवस बाहेर पडतं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा तिला राग आला होता आणि रागाखाली, कोणाला न सांगण्यासारखं, थोडं कौतुकही वाटलं होतं. इतकी वाट बघता येणं ही काही लहान गोष्ट नाही.

चूक झाली ती समुद्रातली नव्हती, ती हळदीच्या वावरातली होती. पाण्यातला नियम साधा आहे. काटेऱ्याला हात लावायचा नाही. लांब सुईची एक बंदूक असते, तिच्यात व्हिनेगर भरायचं, लांबूनच त्याच्या एखाद्या हाताच्या बुडाशी टोचायचं आणि पुढं जायचं. दुसऱ्या दिवशी तो विरघळलेला असतो. काटा लागला त्या सकाळी एक मोठा काटेऱ्या पसरट पोवळ्याच्या खाली, आत कपारीत बसला होता, सुई पोचत नव्हती. बाकीचे सोडून देतात, तो बाहेर येईल तेव्हा बघू म्हणतात. नंदाचा डावा हात पुढं गेला, पानं बाजूला करावीत तसा, आणि उजवा हात खाली गेला, बुडाशी. तिच्या गावच्या, जवळा बाजारच्या शिवारात हळद निंदणारी बाई हेच करते. लहानपणी तिच्या हातात गवताचं अर्धं पातं तुटून आलं की आई पाठीत धपाटा घालायची, कारण लव्हाळ्याची गाठ जमिनीत राहिली तर आठवड्यात तिथंच दोन उभे. काटेऱ्याचाही तुटलेला हात मागं राहिला तर त्यातून नवा उगवणार नाही याची खात्री देता येत नाही, एवढं तिला ठाऊक होतं, आणि त्या क्षणी तिच्या डोक्यात फक्त एवढंच होतं की हा सगळाच्या सगळा निघाला पाहिजे, मुळासकट. काटे हातमोज्यातून आरपार गेले. मग विष उतरायला गरम पाणी, उलट्या, कोपरापर्यंत सुजलेला हात, आणि चमूतला मंगळूरचा एक पोरगेला पाणबुड्या पुन्हा पुन्हा विचारत होता की त्याच्या खाली हात घालतं कोण? नंदाला वाटलं होतं म्हणावं, हिंगोली जिल्ह्यातली बाई घालते. पण दात इतके वाजत होते की बोलता आलं नाही.

डॉक्टरनं एक्सरे उजेडाला धरला. तरुण माणूस होता, मोकळा. "हे बघा," तो म्हणाला, "तांदळाच्या कणीएवढं. सांध्याच्या आत आहे. समुद्रातला काटा हिंगोलीत काढायची ही माझी पहिलीच वेळ, खोटं बोलत नाही." नंदानं विचारलं, राहू दिला तर? राहील, तो म्हणाला. बोट अधूनमधून सुजेल, दुखेल. पाण्यातलं काम सोडलं, जड उचललं नाही, तर निभून जाईल. पण पाण्यात उतरायला तब्येत ठणठणीत असल्याचा शेरा मागत असतील तर तो अशा हातावर कोणी देणार नाही. आणि काढला तर? तर सांधा उघडावा लागेल. आतल्या सुजेनं तो आधीच खराब झालेला आहे. बोट पहिल्यासारखं होईल, किंवा ताठ राहील. "दोन्हीपैकी काय ते आत गेल्याशिवाय मला सांगता येणार नाही, ताई." शालूबाई इतका वेळ उभीच होती. "ऱ्हाऊ द्या की मंग आतमधी," ती म्हणाली. "तिला काही कमी न्हाई घरी. पाण्यात जायाचं न्हाई, काढायचं न्हाई. बराबर हाय का न्हाई, डॉक्टरसाहेब?" डॉक्टरनं नंदाकडं बघितलं. तिला वाटलं होतं आपल्याला विचार करावा लागेल. करावा लागला नाही. "काढा," ती म्हणाली. "लग्न झालं की दुसऱ्या दिवशी येते."

गावाकडच्या बसमध्ये आई खिडकीशेजारी बसली. औंढ्याला पाण्याची बाटली घेतली, अर्धी प्याली, आणि मग सुरू झाली. "आपल्या इथं समुद्र हाय का?" नंदा म्हणाली, न्हाई. "आपल्या सात पिढ्यांत कोणी समुद्र बघितला का?" न्हाई, माय. "मंग ज्याचा समुद्र हाय तो बघून घेईन. पोवळं म्हंजी दगड. तुह्या मंगळापायी जोश्यानं आंगठीत घालाया लावला होता तेवढा दगड. दगडाला कोण खाऊन राहिलं, त्याची तकलीफ तुला काहून?" पुढच्या बाकावरची म्हातारी वळून बघायला लागली. हा प्रश्न नंदानं स्वतःला याहून वाईट शब्दांत विचारलेला होता. कॉलेजच्या सहलीत पहिल्यांदा पाण्यात डोकं घातलं तेव्हा तिला दिसलं ते फार सुंदर होतं वगैरे सगळे सांगतात, तिनंही लोकांना तसंच सांगितलं आहे. पण खरं सांगायचं तर तिची नजर पहिल्यांदा गेली ती एका पांढऱ्या तुकड्यावर. चारी बाजूंनी तपकिरी, हिरवं, जांभळं, आणि मधेच हातभर पांढरं. रोग पडलेल्या वावरात आपली नजर पहिल्यांदा पिवळ्या झाडाकडं जाते, तशी. आणि त्या पांढऱ्याच्या कडेला तो बसला होता, आपलं जेवण करत. तेव्हा तिच्या हाताला जे वाटलं होतं ते अजून जात नाही. त्याला काय म्हणायचं ते तिला कधीच नीट सांगता आलेलं नव्हतं, आणि आता बसच्या खडखडाटात, पुढच्या म्हातारीच्या देखत, एकदम सापडलं. "माय, तू भीमसिंगकाकाच्या वावरातलं गवत काहून उपटतीस?" आई चमकली. "कवा?" "रोज. धुऱ्यावरून येताना. त्येंच्या हळदीत लव्हाळा दिसला की तू वाकतीस. डोईवर भारा असला तरी वाकतीस. त्येंचं वावर, त्येंची हळद, तुला काय?" शालूबाईनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर उन्हानं पांढरं पडलेलं शिवार मागं पळत होतं. "दिसल्यावर ऱ्हावत न्हाई माणसाला," ती म्हणाली. आणि मग, आपण काय बोलून बसलो ते कळून, तिला भयंकर राग आला. "पर म्हणून मी आपला हात तोडून न्हाई घेतला!" जवळा बाजार येईपर्यंत तिनं लेकीकडं पाठ केली होती.

लग्न व्यवस्थित पार पडलं. हळदीच्या दिवशी नंदानं भावाच्या गालाला डाव्या हातानं हळद लावली, नातलगांत कुजबुज झाली, संतरामनं, म्हणजे तिच्या बापानं, "पोरीचा हात दुखून राहिला, तुमाला दिसत न्हाई व्हय," असं म्हणून ती तिथंच मिटवली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो तिला मोटरसायकलवरून हिंगोलीला घेऊन गेला. आई आली नाही. हात बधिर केल्यावर नंदाला दुखलं काहीच नाही, फक्त कोणीतरी लांबवर दार ओढतंय असं वाटत राहिलं, आणि मग स्टीलच्या वाटीत टिक् असा बारीक आवाज झाला. काटा निघाला होता. बोट वाचलं नाही. टाके काढले, शेक दिला, व्यायाम केले, जून गेला, जुलै आला, आणि तर्जनी मुळातून ताठ ती ताठच राहिली, सतत कोणालातरी काहीतरी दाखवत असल्यासारखी. बंदुकीचा चाप ओढायचं बोट तेच होतं. एका दुपारी, घरात कोणी नसताना, तिनं मूठ वळायचा प्रयत्न केला आणि चार बोटं मिटली, एक उभं राहिलं, तेव्हा ती भिंतीला टेकून मोठ्यानं रडली. आईचं खरं झालं, हे तिला बोटापेक्षा जास्त झोंबत होतं. पाण्यातली ती हलकी शांतता आपल्याला आता मिळणार नाही, खालचं ते सगळं आपल्यावाचून पांढरं होत जाईल आणि आपण इथं पंख्याखाली पडून राहू, या विचारानं तिचा जीव घाबरा झाला. रडून झाल्यावर, का कोण जाणे, तिला खेकडा आठवला. फांद्याफांद्यांचं एक पोवळं असतं, त्याच्या बेचक्यात अंगठ्याच्या नखाएवढा एक खेकडा राहतो, जोडीनं. काटेऱ्या त्या पोवळ्यावर चढायला लागला की हा बाहेर येतो आणि त्याच्या पायांना चिमटे काढतो. काटेही कुरतडतो. काटेऱ्याच्या मानानं तो म्हणजे काहीच नाही. एकदा तिनं पाठीवरच्या टाकीतली हवा संपत येईपर्यंत ते बघितलं होतं. काटेऱ्या एक हात वर टाकी, खेकडा चिमटा काढी, हात मागं जाई. दुसरा हात, पुन्हा चिमटा. काटेऱ्याला वीस हात होते आणि खेकडा त्या विसांपाशी पळत होता. शेवटी काटेऱ्या उतरला आणि शेजारच्या, राखण नसलेल्या पोवळ्याकडं गेला. नंदानं ओढणीनं तोंड पुसलं आणि बेटावरच्या चमूच्या प्रमुख बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, ऑक्टोबरात ये, बंदूक चालवून दाखव, नाही जमलं तर किनाऱ्यावरचं काम देईन. "किनाऱ्यावरचं नको," नंदा म्हणाली. "डाव्या हातानं चालवून दाखवते."

मग तिनं घरातली वांगी बिघडवायला सुरुवात केली. हिंगोलीहून मोठ्या सिरिंज आणल्या, त्यात पाणी भरलं आणि डाव्या हातानं, बाजेच्या खाली अंधारात ठेवलेल्या वांग्याच्या नेमकं देठाशेजारी टोचायचं, असा तिचा सराव चालला. सुरुवातीला सुई देठात, मग बाजेच्या दोरीत, एकदा स्वतःच्या गुडघ्यात. संध्याकाळी शालूबाई भाजीला वांगी चिरायला घेई आणि पाणी अंगावर उडे. "ह्या घरात कारल्याला बी इंजेक्शन देऊन ठिवशील तू," ती ओरडे, आणि नवी सून तोंडाला पदर लावून आत पळे. पण वांगी संपली की दुसऱ्या दिवशी बाजेशेजारी टोपली भरलेली असे. कोण भरून ठेवतं ते नंदानं विचारलं नाही. हात शिकत होता, फार हळू शिकत होता. डाव्या हाताला जोर होता, पण सवय नव्हती. कुठं थांबायचं ते त्याला कळत नसे. पाण्यात तर अंगही स्थिर नसतं, लाट एकदा पुढं ढकलते, एकदा मागं. वांगी जागची हलत नाहीत. तिला हलणारं, पानांत लपणारं, बुडाशी धरावं लागणारं काहीतरी हवं होतं, आणि ते घरापासून हाकेच्या अंतरावर उभं होतं.

ऑगस्टात हळद कमरेला लागली होती. नंदा आईच्या मागोमाग वावरात गेली, तेव्हा निंदणाऱ्या बायकांनी आपापल्या पाती, म्हणजे निंदायचे पट्टे, धरलेल्या होत्या. एक पात रिकामी होती, आईच्या शेजारची. नंदानं ती धरली. उजव्या हातानं, ताठ बोटासकट, पानं बाजूला करायची आणि डावा हात बुडाशी घालायचा, सगळं उलटं. पहिल्या दहा पावलांतच तिनं हळदीचं एक रोप उपटलं. कोणी बघितलं नाही असं वाटून तिनं ते परत मातीत खोचलं. पुढं लव्हाळा अर्धा तुटला. तिनं बोटानं माती उकरली, गाठ शोधली, काढली, फेकली. पुन्हा तुटला. पुन्हा उकरलं. बाकीच्या बाया पात संपवून बांधाला लागल्या, चहा झाला, त्या पुढच्या पातीला आल्या, ही अर्ध्यातच. पाठ भरून आली होती, नखांत माती गेली होती, डाव्या हाताचा अंगठा सोलला होता, आणि ती उठणार नव्हती. उठली असती तर कोणी काही म्हटलं नसतं. तेच तिला नको होतं. पानं वाऱ्यानं हलत होती, तोंडावर येत होती. एका ठिकाणी हळदीच्या फुटव्यांच्या अगदी मधोमध लव्हाळा होता. तिनं श्वास संथ केला. सवयीनंच केला, पाण्याखाली करतात तसा. डावा हात आत सरकवला, हळू, बुडापाशी नेला, दोन बोटांत पकडला, आणि तो निघाला, मुळ्या आणि गाठीसकट, हळदीचं पान न हलवता.

"कोपर खाली घे," आई म्हणाली. ती केव्हा मागं येऊन उभी राहिली होती ते नंदाला कळलं नव्हतं. "डावखुऱ्यानं कोपर मांडीला टेकवायचं आसतंय, मंग हात लटलट करत न्हाई. हे आसं." आणि शालूबाई शेजारी उकिडवी बसली, खुरपं खाली ठेवलं आणि आपल्या डाव्या हातानं दाखवायला गेली. तिच्याही हातात गवत अर्धं तुटून आलं. जन्मभर उजव्या हातानं निंदलेली बाई; तिनं तुटक्या पात्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, आणि हसण्याऐवजी पुन्हा कोपर मांडीला टेकवून दुसरं धरलं. ते निघालं. मग दोघी तशाच पुढं सरकल्या, एका पातीत दोघी, दोघीही डाव्या हातानं, आणि पुढच्या पातीतल्या बाया खुरपी हातात धरून ह्या मायलेकींना काय झालं म्हणून बघत राहिल्या.

"किती खोल जावं लागतंय तिथं?" आईनं विचारलं. मान खाली होती, हात चालू होता.

नंदाचा हात थांबला. चार वर्षांत आईनं समुद्राबद्दल काही विचारलं नव्हतं. बोलली होती पुष्कळ, विचारलं कधीच नव्हतं. मीटरचा आकडा तिच्या तोंडाशी आला होता, तो तिनं गिळला आणि गावात विहिरीची खोली सांगतात तशी, माणसाच्या उंचीनं, सांगितली. "तीन पुरुष. लई झालं तर चार."

शालूबाईनं लव्हाळ्याची गाठ झटकली, माती पाडली आणि मनाशी काहीतरी ताडून पाहिलं.

"आपली हीर सहा पुरुष हाय," ती म्हणाली. "जाय मंग."